हसन अली शाह (आगाखान पहिले)

हसन अली शाह, आगाखान पहिले (१८०४ – एप्रिल १८८१) हे शिया पंथातील निझारी इस्माईली शाखेचे ४६ वे इमाम होते. त्यांचा जन्म इराणमध्ये झाला. काजार राजवटीशी झालेल्या संघर्षात पराभूत झाल्यानंतर त्यांनी अफगाणिस्तान व सिंधमार्गे भारतात स्थलांतर केले आणि आयुष्याची अखेरची तीन दशके मुंबईत व्यतीत केली. 'आगाखान' ही पदवी धारण करणारे ते पहिले इमाम होत. त्यांच्या स्थलांतरामुळे निझारी इमामतीचे केंद्र इराणमधून मुंबई इलाख्यात आले. मुंबईसह पुणे व बंगळूर येथेही त्यांची निवासस्थाने होती. १८६६ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या 'आगाखान खटल्या'च्या निकालाने खोजा समाजावरील त्यांच्या अधिकाराला कायद्याची मान्यता मिळाली.

पुण्यातील प्रसिद्ध आगाखान राजवाडा हसन अली शाह यांनी बांधला, असा समज आढळतो. प्रत्यक्षात तो त्यांचे नातू सुलतान महंमद शाह, आगाखान तिसरे यांनी बांधलेला आहे.

पार्श्वभूमी

निझारी इस्माईली आपल्या इमामांची परंपरा हजरत अली व बीबी फातिमा यांच्यापर्यंत नेतात. उत्तर इराणमधील अलमूतचा किल्ला हे या शाखेचे मध्ययुगातील सत्ताकेंद्र होते. १२५६ साली मंगोल आक्रमणात ते नष्ट झाले. त्यानंतर अनेक पिढ्या इमामांचे वास्तव्य इराणमध्ये गुप्तपणे अथवा फारसे प्रकट न होता चालू राहिले. अंजुदान, कहक अशी लहान गावे त्यांची ठिकाणे होती.

भारतीय उपखंडात या पंथाचा प्रसार 'पीर' म्हणविल्या जाणाऱ्या उपदेशकांनी केला. पीर सद्रुद्दीन यांचे नाव त्यांत प्रमुख आहे. सिंध, कच्छ व गुजरातमधील लोहाणा व इतर व्यापारी जातींतील अनेक कुटुंबे या उपदेशामुळे पंथात आली आणि 'खोजा' या नावाने ओळखली जाऊ लागली. 'गिनान' या नावाने प्रसिद्ध असलेली त्यांची भक्तिगीते सिंधी, कच्छी, गुजराती व हिंदीच्या मिश्र भाषांत आहेत. ती लिहिण्यासाठी 'खोजकी' ही स्वतंत्र लिपी वापरली जाई. 'दस अवतार' या नावाच्या गिनानात विष्णूच्या अवतारांची मालिका सांगून दहावा अवतार म्हणजे हजरत अली, असे प्रतिपादन केलेले आहे. खोजांचे सामुदायिक व धार्मिक व्यवहार जमातखान्यात चालत. मुखी व कामडिया हे तेथील प्रमुख अधिकारी असत. उत्पन्नाचा ठरावीक भाग 'दसोंद' म्हणून इराणमधील इमामांकडे पाठविण्याची प्रथा होती. वारशाच्या बाबतीत मात्र हा समाज बराचसा हिंदू रूढींप्रमाणे चाले आणि अनेक कुटुंबांत सुन्नी व इस्ना अशरी शिया चालीरीतीही पाळल्या जात.

प्रारंभिक जीवन

हसन अली शाह यांचा जन्म १८०४ साली कहक या गावी झाला. त्यांचे वडील शाह खलीलुल्लाह तिसरे हे ४५ वे इमाम होते. पुढे ते याझ्द या शहरात राहावयास गेले. १८१७ साली त्यांचे काही अनुयायी व स्थानिक दुकानदार यांच्यात तंटा उद्भवला आणि जमावाने इमामांच्या घरावर केलेल्या हल्ल्यात ते मारले गेले. त्या वेळी १३ वर्षांचे असलेले हसन अली शाह इमामतीच्या गादीवर आले.

मातोश्री बीबी सरकारा यांनी न्याय मागण्यासाठी तेहरानचा दरबार गाठला. काजार बादशाह फतह अली शाह यांनी हल्ल्यास चिथावणी देणाऱ्यांना शिक्षा दिली, तरुण इमामांना महल्लात परिसरातील जमिनी व कुम प्रांताचा अधिकार दिला आणि आपली कन्या सर्व-ए-जहान खानम हिचा त्यांच्याशी विवाह करून दिला. 'आगाखान' ही पदवी याच काळात त्यांना बहाल झाली. पुढे ती वंशपरंपरागत झाली.

काजार सत्तेशी संघर्ष

१८३४ मध्ये फतह अली शाह यांचे निधन होऊन महंमद शाह गादीवर आले. त्यांनी १८३५ साली हसन अली शाह यांची केर्मान प्रांताच्या सुभेदारपदी नेमणूक केली. त्यांनी या प्रांतात शांतता प्रस्थापित केली. तरीही दरबारातील बदलत्या राजकारणामुळे १८३७ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. हा हुकूम न मानता ते बामच्या किल्ल्यात गेले. सरकारी फौजेने घातलेला वेढा सुमारे १४ महिने चालला. अखेर त्यांना शरण जावे लागले. काही काळ केर्मानमध्ये नजरकैदेत ठेवल्यानंतर, महल्लात येथे निवृत्त जीवन जगावे या अटीवर त्यांना माफी मिळाली.

१८४० साली त्यांनी हजयात्रेस जात असल्याचे सांगून महल्लात सोडले आणि ते पुन्हा केर्मानच्या दिशेने वळले. त्यानंतरच्या चकमकींत प्रारंभी त्यांना काही यश मिळाले, परंतु १८४१ मध्ये त्यांचा पराभव झाला. वाळवंटी प्रदेश ओलांडून ते अनुयायांच्या तुकडीसह अफगाणिस्तानात शिरले. त्यानंतर ते इराणला परत गेले नाहीत.

या संघर्षाविषयीची साधने एकमेकांशी जुळत नाहीत. काजार दरबाराच्या बखरींत हसन अली शाह बंडखोर ठरतात. मुंबईत फार्सीत शिळाप्रेसवर छापल्या गेलेल्या 'इब्रत अफझा' या आत्मचरित्रात त्यांनी आपली बाजू मांडली असून, आपण राजनिष्ठ असताना दरबारी कारस्थानांमुळे शस्त्र उचलण्याची वेळ आली, असे त्यांचे म्हणणे आहे.

स्थलांतर

अफगाणिस्तान व सिंध

१८४१ मध्ये हसन अली शाह कंदाहारला पोहोचले. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धामुळे हे शहर त्या वेळी इंग्रजांच्या ताब्यात होते. आपल्या घोडदळासह त्यांनी इंग्रजांना साहाय्य देऊ केले. इंग्रजांच्या मदतीने इराणमधील प्रदेश परत मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. १८४२ मध्ये इंग्रजांनी कंदाहार सोडल्यावर तेही सिंधमध्ये आले. तेथे खोजा अनुयायांची मोठी वस्ती होती.

सिंधमध्ये त्या वेळी तालपूर अमिरांची सत्ता होती. सर चार्ल्स नेपियर यांनी १७ फेब्रुवारी १८४३ रोजी मियाणीच्या लढाईत अमिरांचा पराभव केला आणि पुढे सिंध कंपनी सरकारच्या राज्यास जोडले. या मोहिमेत हसन अली शाह व त्यांचे स्वार इंग्रजांच्या बाजूने होते. या सेवेबद्दल त्यांना सरकारकडून वार्षिक तनखा मंजूर झाला. ज्या प्रदेशाने आश्रय दिला त्याच्याच राज्यकर्त्यांविरुद्ध त्यांनी घेतलेली ही भूमिका त्यांच्या चरित्रातील वादग्रस्त बाबींपैकी एक मानली जाते.

मुंबईत आगमन व कलकत्त्यातील वास्तव्य

ऑक्टोबर १८४४ मध्ये हसन अली शाह यांनी सिंध सोडले. कच्छ व काठियावाडातील अनुयायांच्या भेटी घेत ते १८४६ च्या सुरुवातीस मुंबईस आले. याच काळात त्यांचे बंधू सरदार अबुल हसन खान बलुचिस्तानातील बामपूर भागात काजार फौजेशी लढत होते. त्यामुळे इराण सरकारची अस्वस्थता कायम होती. १८१४ च्या इंग्रज-इराण तहातील कलमाचा आधार घेऊन इराणने हसन अली शाह यांना स्वाधीन करण्याची मागणी केली. इंग्रजांनी ती मान्य केली नाही, परंतु इराणच्या किनाऱ्यापासून त्यांना दूर ठेवण्याचे मान्य करून १८४७ मध्ये त्यांची कलकत्त्यास रवानगी केली. १८४८ मध्ये महंमद शाह यांचे निधन झाल्यावर ते मुंबईस परतले. मायदेशी परतण्याचे त्यांचे प्रयत्न त्यानंतरही निष्फळ ठरले आणि मुंबई हेच त्यांचे कायमचे वास्तव्यस्थान झाले.

खोजा समाजातील वाद

बारभाई

दसोंदीच्या प्रश्नावरून मुंबईच्या खोजा समाजात हसन अली शाह यांच्या आगमनापूर्वीच फूट पडली होती. १८२९ मध्ये काही सधन खोजांनी दसोंद देण्याचे नाकारले. इमामांनी इराणहून आपले प्रतिनिधी पाठविले आणि प्रकरण न्यायालयातही गेले. हबीब इब्राहीम यांच्या नेतृत्वाखालील या विरोधी गटास 'बारभाई' म्हणत. पेशवाईतील बारभाईंच्या कारस्थानाशी या नावाचा संबंध नाही. १८३० मध्ये या गटास जमातीतून बहिष्कृत करण्यात आले व १८३५ मध्ये परत घेण्यात आले.

इराणमध्ये असलेले इमाम प्रत्यक्ष मुंबईत राहावयास आल्यावर हा वाद नव्या टोकास गेला. जमातखान्याची मालमत्ता, मुखी-कामडियांच्या नेमणुका आणि दसोंदीचा विनियोग यांवर अंतिम अधिकार जमातीचा की इमामांचा, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. १८५० मध्ये माहीम येथील जमातखान्यात बारभाई गटातील चार जणांची हत्या झाली. १८६१ मध्ये हसन अली शाह यांनी एक निवेदन प्रसृत केले. विवाह व अंत्यविधी शिया इमामी इस्माईली पद्धतीने करण्यास संमती असलेल्या खोजांनी त्यावर स्वाक्षऱ्या कराव्यात, असे त्यात म्हटले होते. बहुसंख्य खोजांनी स्वाक्षऱ्या केल्या, परंतु विरोधकांनी त्यास नकार दिला. आपण मुळापासून सुन्नी आहोत, असे त्यांचे म्हणणे होते.

आगाखान खटला (१८६६)

विरोधी गटाने मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. इमामांनी जमातीच्या मालमत्तेचा हिशेब द्यावा, जमातीच्या कारभारात व नेमणुकांत हस्तक्षेप करू नये आणि खोजा समाज सुन्नी असल्यामुळे त्याची मालमत्ता सुन्नी खोजांच्याच हितार्थ राहावी, अशा वाद्यांच्या मागण्या होत्या. न्यायमूर्ती सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यासमोर सुनावणी झाली. हसन अली शाह यांच्या बाजूचे वकील ई. आय. हॉवर्ड होते.

खोजा कोण आहेत, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयास द्यावे लागले. त्यासाठी इस्लाममधील शिया-सुन्नी भेद, फातिमी खिलाफत, अलमूतचा इतिहास आणि इमामांची वंशावळ यांचा न्यायालयात ऊहापोह झाला. 'दस अवतार' हे गिनानही पुरावा म्हणून विचारात घेण्यात आले. हजरत अलींना दहावा अवतार मानणारी रचना सुन्नी समाजाची असू शकत नाही, तर ती इस्माईली धर्मप्रसाराचे साधन आहे, असा निष्कर्ष न्यायमूर्तींनी काढला.

१२ नोव्हेंबर १८६६ रोजी निकाल हसन अली शाह यांच्या बाजूने लागला. खोजा हे मूळचे हिंदू असून पीर सद्रुद्दीन यांनी त्यांना शिया इमामी इस्माईली पंथात आणले आणि या पंथाच्या वंशपरंपरागत इमामांशी ते आध्यात्मिक निष्ठेने बांधलेले आहेत, असे न्यायालयाने ठरविले. हसन अली शाह हे त्या परंपरेतील इमाम असल्याचे मान्य झाले. जमातीची मालमत्ता व दसोंद यांवरील त्यांच्या नियंत्रणाला त्यामुळे कायद्याचे पाठबळ मिळाले.

निकालाचे परिणाम

निकालानंतर सुन्नी खोजांचा गट वेगळा झाला. पुढील दशकांत आणखी काही कुटुंबांनी बाहेर पडून खोजा इस्ना अशरी जमाती स्थापन केल्या. अशा रीतीने एका जातिसमूहातून तीन स्वतंत्र धार्मिक समाज उभे राहिले. कौटुंबिक मालमत्ता व धार्मिक देणग्या यांवरून आगाखान घराण्यातही पुढे वाद झाला. 'हाजी बीबी खटला' या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या दाव्याचा निकाल १९०८ मध्ये आगाखान तिसरे यांच्या बाजूने लागला.

पंथविषयक ओळख न्यायालयात निश्चित झाली असली, तरी सर्व रूढी एकदम बदलल्या नाहीत. १८४७ मध्ये सर अर्स्किन पेरी यांनी खोजांच्या वारशाबाबत त्यांची प्रचलित रूढीच लागू पडते, असा निर्णय दिला होता. त्या रूढीनुसार मुलींना वडिलांच्या मालमत्तेत कुराणात सांगितलेला वाटा मिळत नसे. ही व्यवस्था १९३७ च्या शरियत कायद्यापर्यंत मोठ्या प्रमाणावर टिकून होती.

मुंबई व पुणे येथील वास्तव्य

हसन अली शाह यांचा परिवार व त्यांच्यासोबत आलेले इराणी अनुयायी मुंबईत माझगाव परिसरात राहत असत. निरनिराळ्या ठिकाणचे खोजा अनुयायी तेथे दर्शनासाठी येत. इमाम सणांच्या प्रसंगी जमातखान्यात उपस्थित राहत. अनेक पिढ्या ज्यांच्या नावाने दसोंद दूरदेशी जात होती, त्या इमामांना अनुयायी आता प्रत्यक्ष पाहू शकत होते. हसन अली शाह यांना उमद्या घोड्यांचा व शर्यतींचा शौक होता आणि मुंबईच्या शर्यतींना ते हजर असत. १८७५ मध्ये भारत दौऱ्यावर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स यांनी मुंबईत त्यांच्या निवासस्थानी जाऊन भेट घेतली.

पुणे हे मुंबई इलाख्याचे पावसाळी राजधानीचे शहर होते. गव्हर्नर व वरिष्ठ अधिकारी पावसाळ्यात पुण्यास मुक्काम हलवीत. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग पूर्ण झाल्यावर मुंबई-पुणे प्रवास सुकर झाला आणि मुंबईतील संस्थानिक, व्यापारी व सरदार यांचे पुण्यातील वास्तव्य वाढले. लष्कर भाग व तेथील घोड्यांच्या शर्यती यांमुळेही पुण्यास वेगळे महत्त्व होते. आगाखान घराण्याने मुंबईखालोखाल पुण्यास आपले दुसरे घर केले. आगाखान तिसरे यांच्या बालपणी या कुटुंबाचा हिवाळा मुंबईत, उन्हाळ्याचा काही भाग महाबळेश्वरी आणि पावसाळा पुण्यात जात असे.

निधन व उत्तराधिकारी

सुमारे ६४ वर्षांच्या इमामतीनंतर एप्रिल १८८१ मध्ये हसन अली शाह यांचे मुंबईत निधन झाले. माझगाव येथील हसनाबाद या ठिकाणी त्यांचे दफन करण्यात आले. त्यांची घुमटाकार कबर तेथे आजही आहे.

आगाखान दुसरे

हसन अली शाह यांचे पुत्र आगा अली शाह (१८३०–१८८५) हे ४७ वे इमाम झाले. ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. मुस्लिमांच्या शिक्षणप्रसारात त्यांनी लक्ष घातले. त्यांची इमामत अवघी चार वर्षे टिकली. पुण्याजवळ पाणपक्ष्यांच्या शिकारीस गेले असता भिजल्याने त्यांना न्यूमोनिया झाला आणि ऑगस्ट १८८५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा दफनविधी इराकमधील नजफ येथे झाला. त्यांचे थोरले पुत्र शिहाबुद्दीन शाह त्यांच्या आधीच निवर्तले असल्याने गादी धाकट्या पुत्राकडे गेली.

आगाखान तिसरे व पुण्यातील राजवाडा

सुलतान महंमद शाह (१८७७–१९५७) हे वयाच्या आठव्या वर्षी ४८ वे इमाम झाले. त्यांच्या अल्पवयात घराण्याचा कारभार प्रामुख्याने मातोश्री शम्सुल मुलुक, म्हणजेच लेडी अली शाह, यांनी पाहिला. सुलतान महंमद शाह यांचा पहिला विवाह १८९६ मध्ये पुण्यात झाला. १८९७ च्या प्लेगच्या साथीत लसीविषयी लोकांत भीती असताना त्यांनी डॉ. हाफकिन यांची लस स्वतः टोचून घेतली आणि अनुयायांनाही तसे करण्याचे आवाहन केले.

पुण्यात नगर रस्त्यावर येरवड्याजवळ असलेला आगाखान राजवाडा त्यांनी १८९२ मध्ये बांधला. दुष्काळात परिसरातील लोकांना काम मिळावे हा बांधकामामागील हेतू होता, असे सांगितले जाते. 'छोडो भारत' आंदोलनाच्या वेळी, ऑगस्ट १९४२ पासून ६ मे १९४४ पर्यंत महात्मा गांधी येथे स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई यांचे १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबा गांधी यांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच निधन झाले. दोघांच्या समाध्या राजवाड्याच्या आवारात आहेत. १९६९ मध्ये आगाखान चौथे यांनी ही वास्तू गांधीजींच्या स्मरणार्थ भारतीय जनतेस अर्पण केली. आज ती राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून संरक्षित आहे.

वारसा व मूल्यमापन

हसन अली शाह यांच्या स्थलांतरामुळे निझारी इस्माईली समाजाच्या इतिहासाची दिशा बदलली. इराणमध्ये इमाम हे मर्यादित प्रदेशातील जमीनदार व सुभेदार होते. मुंबईत त्यांना खोजा व्यापाऱ्यांचे आर्थिक बळ, छापखाना, आगबोटींची वाहतूक आणि इंग्रजी न्यायव्यवस्था उपलब्ध झाली. कच्छ-काठियावाडातून झांझिबार व पूर्व आफ्रिकेत गेलेल्या खोजा जमातींशीही मुंबईतून संपर्क राखणे शक्य झाले. विसाव्या शतकात आगाखान तिसरे यांचे वास्तव्य मुख्यतः युरोपात राहिले व इमामतीचे केंद्रही भारताबाहेर गेले. आगाखान चौथे, करीम अल हुसैनी यांचे ४ फेब्रुवारी २०२५ रोजी लिस्बन येथे निधन झाले. त्यांचे पुत्र रहीम अल हुसैनी हे आगाखान पाचवे व ५० वे इमाम आहेत.

हसन अली शाह यांच्या कार्याचे मूल्यमापन एकसारखे झालेले नाही. इस्माईली परंपरेत, विस्कळीत झालेल्या समाजास प्रत्यक्ष इमामांचे नेतृत्व मिळवून देणारे पुरुष म्हणून त्यांना मान आहे. फरहाद दफ्तरी यांनी त्यांच्या कारकिर्दीपासून निझारी इतिहासाचे आधुनिक पर्व सुरू होते, असे मानले आहे. नाइल ग्रीन यांनी त्यांना औद्योगिक मुंबईतील अनेक धार्मिक चळवळींच्या संदर्भात पाहिले आहे. टीना पुरोहित यांच्या मते, १८६६ च्या निकालाने हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही परंपरांतून घडलेल्या बहुपदरी श्रद्धेला एकाच पंथाच्या चौकटीत बसविले.

या शेवटच्या मताची दुसरी बाजू महाराष्ट्रातच दिसते. पंधराव्या-सोळाव्या शतकांत गुजरातमध्ये इमामशाह यांच्या नावाने ओळखली जाणारी आणि पुढे निझारी इमामांपासून वेगळी झालेली सतपंथाची एक शाखा खानदेशातही पोहोचली. जळगाव जिल्ह्यातील फैजपूर हे तिचे एक केंद्र आहे. खोजांशी समान मूळ असलेल्या या परंपरेतील अनेक अनुयायी आज स्वतःस हिंदू मानतात. ज्या समाजावर आगाखान खटल्याचा निकाल लागू झाला तो मात्र शिया इमामी इस्माईली या नावानेच ओळखला जातो.